दुसरा कॉर्नेट

आर्मस्ट्राँग म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना चंद्र आठवतो. काहींना सायकल आठवेल. माझंही तसंच होतं. फर्स्ट इयरला असताना रूममेटच्या कॉम्प्युटरवर एक गाणं लागलं आणि मला वाटलं की स्पीकर बिघडला. खडी भरलेला ट्रक घाट चढतोय असा आवाज. आधी हसू आलं, आणि गाणं संपल्यावर मीच तिला म्हटलं, परत लाव. तो आवाज लुई आर्मस्ट्राँगचा होता. त्यानंतर त्याच्याबद्दल हाताला लागेल ते वाचत गेले. सबमिशनच्या दिवसांतही वाचलं, त्याचे परिणाम मार्कशीटवर दिसतात.

त्याचं आयुष्य लिहायला घेतलं तर सुरुवात जन्मापासून करायला हवी. पण मला मात्र तो नेहमी एका रेल्वे स्टेशनवर उभा असलेला दिसतो. साल 1922, महिना ऑगस्ट, शहर शिकागो. वय 21, म्हणजे जवळजवळ आपल्याच वयाचा. एका हातात कॉर्नेटची पेटी. भर उन्हाळ्यात अंगात लांब गरम इनर, कारण आईने बजावून पाठवलं होतं की तिकडे थंडी असते. आईने गाडीत खायला माशाचं सँडविचही दिलं होतं. (जगात कुठेही जा, आया सारख्याच!) त्याला घ्यायला कुणीही आलेलं नव्हतं.

तो इथवर कसा आला ते आधी सांगते.

लुईचा जन्म 4 ऑगस्ट 1901 रोजी अमेरिकेच्या दक्षिणेत, न्यू ऑर्लिन्स शहरात झाला. तो स्वतः मात्र जन्मभर 4 जुलै 1900 ही तारीख सांगत आला. 4 जुलै म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. खरी तारीख त्याच्या मृत्यूनंतर, 1980 च्या दशकात, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडली. वडील तो तान्हा असतानाच घर सोडून गेले. सुरुवातीची काही वर्षं आजीने सांभाळलं, मग तो आई मेॲनकडे आला. वस्ती इतकी मारामारीची की लोक तिला रणांगण म्हणायचे. आई लोकांकडे धुणीभांडी करायची. सात-आठ वर्षांचा लुई कार्नोफ्स्की नावाच्या एका ज्यू कुटुंबाच्या गाडीवर काम करायचा, भंगार गोळा करायचं आणि कोळसा विकायचा. गिऱ्हाईक यावं म्हणून गाडीवर तो पत्र्याचा भोंगा वाजवायचा. गहाणवटीच्या दुकानात त्याने एक जुना कॉर्नेट पाहून ठेवला होता, किंमत 5 डॉलर. त्यासाठी कार्नोफ्स्कींनी त्याला पैसे उचल दिले. ते कुटुंब त्याला जेवायला घालायचं, आणि ते तो कधी विसरला नाही. स्वतः ज्यू नसताना ज्यूंचा तारा तो मोठेपणी गळ्यात घालत असे.

कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड, बुटका भाऊ. आपल्या वरातीच्या बँडमध्ये जी पितळी वाद्यं असतात त्याच घराण्यातलं. न्यू ऑर्लिन्समध्ये तर बँड नुसता लग्नाला नाही, अंत्ययात्रेलाही लागायचा. जाताना संथ, रडवणारी धून. पुरून झालं की परतताना तोच बँड नाचायला लावणारी गत वाजवायचा आणि मागून सगळी गल्ली नाचत यायची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार विचित्र वाटलं. आता तितकं वाटत नाही.

1912 च्या 31 डिसेंबरला रात्री, नववर्षाच्या गोंगाटात, 11 वर्षांच्या लुईने घरातलं पिस्तूल नेऊन हवेत बार काढला. पोलिसांनी जागच्या जागी धरलं आणि दुसऱ्या दिवशी रवानगी काळ्या मुलांच्या सुधारगृहात. तिथे शिस्त लष्करी होती आणि एक बँड होता. पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक बँड बसवायचे. आधी त्यांनी या पोराला जवळ केलं नाही, वस्तीच त्याची तशी होती. मग हातात डफ दिला, मग ड्रम, मग बिगुल, आणि शेवटी कॉर्नेट. दीड वर्षाने, 1914 च्या जूनमध्ये, तो बाहेर पडला तेव्हा त्या बँडचा म्होरक्या होऊन. बाहेर पडल्यावर पुन्हा कोळशाची गाडी. दिवसा कोळसा ओढायचा आणि रात्री जिथे मिळेल तिथे वाजवायचं.

याच काळात त्याला जो ऑलिव्हर भेटला. शहरातला अव्वल कॉर्नेटवाला, लोक त्याला 'किंग' म्हणायचे, लुई 'पापा जो' म्हणायचा. लुई ऑलिव्हरच्या बायकोची, स्टेलाची, बाजाराची कामं करून द्यायचा आणि बदल्यात ऑलिव्हर त्याला शिकवायचा. शिकवून झालं की स्टेला राजमा-भात वाढायची. ऑलिव्हरने त्याला आपला एक जुना कॉर्नेटही दिला. आपल्याकडे गुरूच्या घरी पाणी भरून गाणं शिकलेल्यांच्या गोष्टी आहेत ना, त्याच जातीची ही गोष्ट.

राजमा-भाताबद्दल थोडं सांगायलाच हवं. न्यू ऑर्लिन्समध्ये हा सोमवारचा पदार्थ. सोमवार हा धुण्याचा दिवस, बायकांना चुलीपाशी उभं राहायला वेळ नसायचा. म्हणून रविवारच्या जेवणातलं उरलेलं डुकराच्या मांसाचं हाड आणि लाल राजमा एका भांड्यात मंद आचेवर ठेवून द्यायचा. कपडे धुऊन होईपर्यंत तो आपोआप शिजून घट्ट व्हायचा. लुईचं हे जन्माचं आवडतं जेवण. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावर पत्राच्या शेवटी 'आपला नम्र' लिहितात त्या जागी तो राजमा-भाताचं नाव घालून सही करायचा. 1942 मध्ये चौथं लग्न करण्याआधी त्याने ल्युसिलला विचारून घेतलं होतं की हा पदार्थ येतो का. आपल्या मेसचा राजमा खाल्लेल्यांना हे प्रेम समजणार नाही, पण तो दोष राजम्याचा नाही.

1910 ते 1930 या वीस वर्षांत दहा लाखांहून जास्त काळे लोक दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांत गेले. दक्षिणेत कापसाच्या शेतातली मजुरी, वेगळे नळ, वेगळे डबे आणि जमावाने झाडाला टांगण्याची भीती. उत्तरेत कारखाने, कत्तलखाने आणि पगार. शिकागोत 1910 साली सुमारे 44 हजार काळे लोक होते, 1920 मध्ये 1 लाख 9 हजार. माणसं गेली की त्यांचं जेवण जातं आणि त्यांचे वाजवणारेही जातात. ऑलिव्हरही गेला. किड ऑरीच्या बँडमधली त्याची रिकामी जागा लुईला मिळाली. मग लुई मिसिसिपीवरच्या आगबोटींत फेट मारेबलच्या बँडमध्ये वाजवू लागला. तोपर्यंत सगळं कानावर चाललेलं होतं. बोटीवर त्याला लिहिलेलं संगीत वाचायला शिकावं लागलं. बाहेरगावची चांगली बोलावणी त्याला आली होती, तो गेला नाही. घर सोडून गेलेले कितीतरी वाजवणारे हात हलवत परत आलेले त्याने पाहिले होते. ऑलिव्हरने बोलावलं तरच जायचं, असं त्याचं ठरलेलं होतं.

ऑलिव्हरची तार आली. त्याच दिवशी एका अंत्ययात्रेत टक्सीडो ब्रास बँडबरोबर वाजवून लुई गाडीत बसला. काळ्या प्रवाशांना डायनिंग कारमध्ये प्रवेश नव्हता, म्हणून खाणं बरोबर घेऊन जाणं भागच होतं. आईचं ते ट्राउट माशाचं सँडविच त्यासाठीच. त्याच डब्यात ओळखीच्या एक बाई मुलांना घेऊन निघाल्या होत्या आणि त्यांच्याकडे टोपलीभर तळलेलं चिकन होतं. त्यामुळे प्रवास पोटभर झाला.

आता स्टेशनवर परत येऊ. ऑलिव्हर त्या वेळी स्टेजवर होता, कामाची वेळच ती. लुई घाबरला, क्षणभर परतीच्या गाडीचाही विचार मनात आला. एका हमालाने त्याला टॅक्सीत बसवून दिलं आणि तो लिंकन गार्डन्सला पोहोचला. 31व्या रस्त्यावरचं हे नाचघर, हजारेक माणसं मावतील एवढं मोठं. आतला बँड रस्त्यावर ऐकू येत होता. लुई दाराबाहेरच थांबला. आपण या लोकांत बसायच्या लायकीचे आहोत का, असं त्याला वाटलं. मला त्याच्या सगळ्या आयुष्यातला हाच क्षण सगळ्यात खरा वाटतो. हॉस्टेलच्या गेटवर पहिल्या दिवशी ट्रंक घेऊन आपण सगळेच उभे होतो. शेवटी ऑलिव्हरच बाहेर आला आणि त्याला आत घेऊन गेला.

राहायची सोय ऑलिव्हरने एका खाणावळवजा घरात केली होती आणि खोलीला स्वतंत्र बाथरूम आहे असं सांगितलं. लुईला ते म्हणजे काय ते कळेना. गावाकडे पत्र्याच्या टबात अंघोळ केलेला माणूस तो. (अटॅच्ड बाथरूमचं हे अप्रूप आमच्या विंगला पूर्ण मान्य आहे.) जेवायला स्टेलाकडे गेला तर पुढ्यात आलं राजमा-भात, पाव आणि बादलीभर गार लिंबूसरबत. हजारेक मैल लांब येऊन पहिलं जेवण घरचंच.

त्या बँडची पियानोवाली लिल हार्डिन. मेम्फिसची, फिस्क युनिव्हर्सिटीत शिकलेली. 'लिटल लुई' येणार असं तिने खूप ऐकलं होतं. प्रत्यक्षात आला तो 226 पौंडांचा, म्हणजे शंभर किलोंच्या पुढचा गडी, जुनाट कपडे, कपाळावर केस. तिला तो अजिबात आवडला नाही.

काम होतं दुसऱ्या कॉर्नेटचं. पहिला अर्थातच ऑलिव्हर. दुसऱ्याने पहिल्याच्या खाली राहायचं, सूर भरायचा, वरचढ व्हायचं नाही. आपल्या मैफलीत गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसलेला शिष्य असतो, खुणेसरशी आवाज लावणारा आणि खुणेसरशी गप्प होणारा, तसं. पण या दोघांची एक गंमत होती. नाच ऐन रंगात आला की बँड काही मात्रांसाठी अचानक थांबायचा आणि त्या मोकळ्या जागेत दोन कॉर्नेट एकदम, एकमेकांत चपखल बसणाऱ्या ताना घ्यायचे. समोर कागद नाही, आधी ठरवलेलं काही नाही. ऐकायला आलेले गोरे तरुण वादक चक्रावून जायचे. खरी युक्ती अशी की चालू गाण्याच्या गोंधळातच ऑलिव्हर लुईकडे कलून पुढची तान हळूच दाखवायचा आणि लुई तेवढ्या वेळात तिची जोडीदार तान तयार करायचा. ऑनलाइन क्विझमध्ये आपल्याला तेवढ्या वेळात प्रश्नसुद्धा वाचून होत नाही.

5 एप्रिल 1923 रोजी हा बँड रेकॉर्डिंगसाठी इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीत गेला. हा भाग आपल्या मॅगझिनसाठी मुद्दाम लिहिते आहे. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, ॲम्प्लिफायर नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला, त्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई. आवाजाच्या दाबानेच पडदा हलायचा आणि सुई फिरत्या मेणाच्या तबकडीत खाच पाडत जायची. विजेचा संबंधच नाही. मिक्सिंग करायचं म्हणजे माणसं हलवायची, ज्याचा आवाज मोठा त्याला लांब उभं करायचं. ड्रमरला मोठा ड्रम वाजवायची परवानगी नव्हती, धक्क्याने सुई उडायची. बाजूलाच रेल्वेचा रूळ, गाडी आली की काम बंद. लुई ऑलिव्हरच्या शेजारी उभा राहिला तर दुसरं काही ऐकूच येईना, म्हणून त्याला मागे, दहा-पंधरा फुटांवर एकट्याला उभं केलं. तो तिथे हिरमुसून उभा असलेला लिलने पाहिला. आणि तिच्या लक्षात आलं की ज्याला एवढं लांब उभं करावं लागतं तो दुसरा कॉर्नेट नाहीच. मोजमाप म्हणून याहून साधं इन्स्ट्रुमेंट मला माहीत नाही.

त्या एप्रिलमध्येच 'चाइम्स ब्लूज'मध्ये लुईने रेकॉर्डवरचा पहिला सोलो वाजवला. 5 फेब्रुवारी 1924 रोजी त्याचं आणि लिलचं लग्न झालं (हे त्याचं दुसरं). ऑलिव्हरने एकदा लिलजवळ कबूल केलं होतं की लुई आपल्यापेक्षा चांगला वाजवतो, पण जोवर तो आपल्या बँडमध्ये आहे तोवर राजा आपणच. लुईचा पगारही ऑलिव्हर स्वतःकडे ठेवून घ्यायचा. लिलने मागे लागून लुईला तो बँड सोडायला लावला. त्याला ते फार जड गेलं. ज्याने शिकवलं, तार करून बोलावलं, त्याला सोडून जायचं? मी लिलच्या बाजूची आहे, पण माझ्या रूममेटचं मत वेगळं आहे आणि आमचा वाद अजून मिटलेला नाही.

पुढचं सगळं भराभर घडलं. 1924 मध्ये न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये, रोझलँड या फक्त गोऱ्यांच्या नाचघरात. 1925 च्या शेवटी पुन्हा शिकागो, आणि 12 नोव्हेंबरला स्वतःच्या नावाने पहिलं रेकॉर्डिंग. त्या 'हॉट फाइव्ह' बँडमध्ये पियानोवर लिल. हा बँड जवळजवळ स्टुडिओपुरताच होता, पण ट्रम्पेटवर सोलो कसा बांधायचा ते जग या तबकड्यांवरून शिकलं. 'हीबी जीबीज'मध्ये त्याने शब्दांऐवजी नुसत्या अर्थहीन अक्षरांनी गाऊन टाकलं. आपल्या तराण्याशी त्याचं नातं काही नसेल, पण ऐकताना मला तराणाच आठवला. 28 जून 1928 चा 'वेस्ट एंड ब्लूज' मिळाला तर त्याची सुरुवात नक्की ऐका. पहिली बारा-तेरा सेकंद फक्त एकटा ट्रम्पेट आहे. 35व्या रस्त्यावरच्या ज्या सनसेट कॅफेत तो रात्री वाजवायचा, त्या इमारतीत पुढे कित्येक वर्षं हार्डवेअरचं दुकान होतं.

त्याचा आवाज मुंबईपर्यंत तबकड्यांतून आला. गोव्याच्या आल्दोणा गावचे अंतोनियो झेवियर वाझ उर्फ चिक चॉकलेट हे मुंबईत 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' म्हणून ओळखले जायचे, ताजमध्ये त्यांचा बँड वाजायचा. आपले सी. रामचंद्र यांच्या बरोबर त्यांनी काम केलं. भगवानदादांचा 'अलबेला' (1951) ज्यांनी पाहिला आहे त्यांनी हा ट्रम्पेट ऐकलेला आहेच, फक्त तो कुठून आला ते माहीत नसेल.

ऑलिव्हरचं मात्र उतरत गेलं. 1927 मध्ये कॉटन क्लबचं काम पैशावरून नाकारलं, ते ड्यूक एलिंग्टनला मिळालं आणि एलिंग्टन मोठा झाला. ऑलिव्हरला गोडाचं भयंकर वेड, पावात साखर भरून खायचा. हिरड्या गेल्या, दात गेले. दात नसले की कॉर्नेट संपला. मग दक्षिणेत फिरता बँड, बंद पडणारी बस, बुडालेले पैसे. 1937 मध्ये लुई दौऱ्यावर जॉर्जियातल्या सव्हानाला गेला तेव्हा त्याला त्याचा पापा जो रस्त्यावर भाजीच्या गाड्यामागे उभा असलेला दिसला. लुईने आणि बँडमधल्या न्यू ऑर्लिन्सच्या इतरांनी खिशात होतं नव्हतं ते त्याच्या हातात दिलं. त्या रात्री ऑलिव्हर ठेवणीतले कपडे घालून नाचाला आला आणि स्टेजच्या कडेला उभा राहून ऐकत होता. 1938 च्या एप्रिलमध्ये तो गेला. बहिणीने घरभाड्याचे पैसे घालून त्याला न्यूयॉर्कला आणून पुरलं, थडग्यावर दगड लावायला पैसे उरले नाहीत.

लुईवर एक आरोप नेहमी व्हायचा, की हा गोऱ्यांपुढे दात काढून हसतो. मलाही त्याचे व्हिडिओ पाहताना सुरुवातीला ते खटकलं होतं. पण 1931 मध्ये तो गावी वाजवायला गेला तेव्हा रेडिओच्या गोऱ्या निवेदकाने काळ्या माणसाचं नाव घेऊन परिचय करून द्यायला नकार दिला, तर त्याने माइकपाशी जाऊन स्वतःच स्वतःचा परिचय करून दिला. 1956 मध्ये लुइझियाना राज्याने काळे-गोरे एकत्र स्टेजवर येण्यावर बंदी घातली. त्याच्या बँडमध्ये दोन्ही होते. जिथला राजमा तो पत्राखाली सही म्हणून लिहायचा, त्या शहरात मग तो वाजवायलाच गेला नाही. 1957 मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना जाऊ देईनात, तेव्हा त्याने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर जाहीर तोंडसुख घेतलं आणि सरकारतर्फे ठरलेला रशियाचा दौरा धुडकावला. त्यात त्याची कामंही गेली. 1964 चा नागरी हक्क कायदा झाल्यावर, 1965 च्या ऑक्टोबरमध्ये तो न्यू ऑर्लिन्सला परतला, तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता. त्याच्या आदल्या वर्षी 'हॅलो, डॉली!'ने बीटल्सना यादीच्या पहिल्या जागेवरून खाली ओढलं होतं. मी ज्या गाण्यापायी त्याच्या मागे लागले ते 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' 1967 चं.

6 जुलै 1971 रोजी न्यूयॉर्कच्या कोरोना भागातल्या घरी तो झोपेत गेला. एवढा पैसा मिळूनही 1943 पासून राहिला तो याच साध्या वस्तीतल्या दुमजली घरात. 2003 पासून तिथे म्युझियम आहे, निळं स्वयंपाकघर जसंच्या तसं ठेवलेलं. त्याला टेपरेकॉर्डरचं वेड होतं. मोठ्या चकत्यांच्या शेकडो टेप त्याने भरून ठेवल्या, गप्पा, भांडणं, विनोद, जे चाललं असेल ते, आणि प्रत्येक खोक्यावर कात्रणं चिकटवून चित्रं केली. त्यातल्या काही टेपवर तो 1923 च्या ऑलिव्हर बँडच्या तबकड्या लावतो आणि त्यांच्याबरोबर ट्रम्पेट वाजवतो. पन्नाशीचा, जगभर फिरलेला माणूस, घरात एकटा. मागे खरखरत तो कर्ण्यातून घेतलेला जुना आवाज, त्यात विशीतला लुई दहा-पंधरा फूट लांब उभा आहे. पुढे पापा जो.